कपाटातली लिफ्ट

आमचं नाटक अजून पूर्ण झालेलं नाही. पण ते का पूर्ण होत नाही याचे किस्से इतके साठलेत की नाटकाऐवजी तेच रेकॉर्ड केले असते तर एव्हाना आपलं नाव झालं असतं, असं नितीन म्हणतो. नितीन भांडुपला राहतो, विम्याच्या ऑफिसात नोकरी करतो आणि आमच्या नाटकाचं साउंड बघतो. त्याला असं काहीतरी म्हणून मोकळं व्हायला आवडतं.

आम्ही चौघं कॉलेजात एकांकिका करायचो. गौतमी लिहायची, अजूनही तीच लिहिते. बोरिवलीच्या एका शाळेत शिकवते. मेघा गोरेगावला असते. आवाज असा की नुसतं 'दार लाव' म्हणाली तरी ऐकणारा हळवा व्हावा. आणि मी मुलुंडला. हल्ली काय करतेस, असं कुणी विचारलं की मी 'मुलगी चार वर्षांची आहे' असं उत्तर देते. लोकांना ते पुरतं. मला पुरेना, म्हणून हे नाटक.

नाटक फक्त ऐकायचं आहे. दोन बहिणी, कित्येक वर्षं न बोललेल्या, एका बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये अडकतात. लाइट गेलेत. थोरली मेघा, धाकटी मी, आणि स्पीकरवरून धीर देणारा वॉचमन नितीन. चौघांनी एका वेळी एका जागी जमणं तर शक्यच नव्हतं, म्हणून नितीनने पद्धत काढली. प्रत्येकाने आपापल्या घरी आपली वाक्यं बोलायची आणि समोरच्याच्या वाक्याएवढी जागा सोडायची. त्या जागेत नुसतं गप्प बसायचं नाही, समोरच्याचं वाक्य मनात ऐकायचं आणि मग आपलं बोलायचं. "नाहीतर वाण्याची यादी वाचल्यासारखं होतं," तो म्हणाला. मग तो सगळ्यांचे आवाज एकमेकांत बसवणार.

मला वाटलं, सोपं आहे. बोलायचं आणि थांबायचं. संसारात दुसरं काय करतो आपण?

*

रेकॉर्डिंग कपाटात करायचं, हीसुद्धा नितीनचीच सूचना. कपडे आवाज शोषून घेतात म्हणे. आमच्या बेडरूममध्ये भिंतीतलं मोठं कपाट आहे. त्यात खाली गोधड्या, वर हँगरला लग्नातले शालू आणि समीरचे शर्ट. समीर माझा नवरा. त्याच्या शर्टांखाली मी मांडी घालून बसते, मोबाइल गुडघ्यावर ठेवते आणि दार ओढून घेते. खरं सांगायचं तर दिवसभरात तेवढीच एक जागा आहे जिथे मला कुणी शोधत नाही.

एका दुपारी माझी मुलगी इरा शाळेत होती आणि मी आत होते. समीर त्या दिवशी घरून काम करत होता, हे माझ्या डोक्यातून गेलं. हॉलमध्ये शेजारच्या ड्रिलिंगचा आवाज येतो म्हणून तो लॅपटॉप घेऊन बेडरूममध्ये आला आणि त्याने मीटिंग सुरू केली. पाठ कपाटाकडे. मी आत श्वास रोखून बसले. मीटिंग काही संपेना. शाळेची बस यायची वेळ झाली, तेव्हा मी हळूच दार उघडलं आणि शालू बाजूला करून बाहेर आले.

स्क्रीनवरची सगळी डोकी एकदम स्तब्ध. समीर मागे वळलासुद्धा नाही. शांतपणे म्हणाला, "सॉरी. वाइफ आहे. तिचं रेकॉर्डिंग चालू असतं."

त्याच्या मॅनेजरने खालच्या आवाजात विचारलं, "आपलं?"

*

नितीनचं स्वतःचं तर काय सांगावं. त्याच्या सोसायटीने पाण्याच्या वेळा सांगायला प्रत्येक मजल्यावर स्पीकर बसवलेत, आणि माइक खाली वॉचमनच्या केबिनमध्ये. वॉचमनची भूमिका नीट जमेना म्हणून नितीन एका रविवारी सकाळी वॉचमनला चहाला पाठवून केबिनमध्ये बसला. माइक बंद आहे अशी त्याची समजूत. मनापासून बोलला, "घाबरू नका. लिफ्ट बंद पडली आहे. माणूस येतोय. कुणीही दार जोरात ढकलू नका."

सबंध बिल्डिंगने ते ऐकलं. लोक भाजीच्या पिशव्या घेऊन जिने चढले. दोन आजोबा मधल्या मजल्यावर स्टूल मागवून बसले. लिफ्ट बिचारी तळमजल्यावर दिवा लावून रिकामी उभी.

आता आपली वाट लागली, असं समजून नितीन सेक्रेटरींकडे माफी मागायला गेला. सेक्रेटरी म्हणाले, "अरे, आमच्या खऱ्या वॉचमनचं कोणी ऐकत नाही. मेन्टेनन्स भरायचं तूच सांग ना एकदा."

*

गौतमीचं घोडं एकाच गोष्टीवर अडलं होतं. बहिणी बोलत का नाहीत? तिने कारणं लिहून पाहिली. घराच्या वाटण्या झाल्या. मग एकीचं लग्न मोडलं. मग आईच्या आजारपणात कोण आलं आणि कोण नाही आलं. प्रत्येक वेळी आम्हाला पाठवायची आणि तासाभरात स्वतःच लिहायची, 'हे नको, सीरियल वाटतेय.'

शेवटी तिने स्टाफरूममध्ये विषय काढला. पीटीचे सर म्हणाले, प्रॉपर्टी. हिंदीच्या मॅडम म्हणाल्या, काहीतरी प्रेमाची भानगड असणार. वाद एवढा रंगला की तासाची घंटा झालेली कुणाला कळली नाही. कोपऱ्यात गणिताच्या परांजपे मॅडम पेपर तपासत बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "भांडण झालंच नसेल. एकीने 'नंतर करते फोन' म्हटलं असेल."

गौतमीने ते तसंच्या तसं नाटकात घातलं. "रॉयल्टी द्यायला लागेल," ती म्हणाली. परांजपे मॅडमना विचारलं तर त्यांना आपण असं काही बोललो हेच आठवेना.

*

मेघाच्या घरात कपाट नव्हतं असं नाही, पण घरात सासूबाईंचा टीव्ही, दिरांची मुलं आणि मेघाच्या नावाने मारलेल्या हाका. म्हणून ती गाडी घेऊन आरे कॉलनीत जायची, झाडाखाली काचा वर करून बसायची आणि तिथे रेकॉर्ड करायची. शेवटचा सोडून सगळे प्रवेश तिने एका दमात पाठवले. थोरलीचा तो थकलेला, जपून वापरलेला आवाज ऐकून मी किचनमध्ये ओट्याला टेकून उभी राहिले. कुकर किती शिट्ट्या देऊन गेला, कळलं नाही.

फक्त एका ठिकाणी, थोरली म्हणते, "अंधाराची मला भीती नाही वाटत," आणि पाठोपाठ स्पष्ट, भरघोस, म्हैस ओरडते.

नितीनने ग्रुपवर लिहिलं, "लिफ्टमध्ये म्हैस कुठून आली?"

गौतमी म्हणाली, "राहू दे रे. चौथ्या मजल्यावरची असेल."

त्या दिवशी आम्ही चौघं एवढं हसलो. म्हणजे, चौघांनी हसण्याचे चेहरे पाठवले. मी घरात एकटी होते, तरी मोठ्याने हसले.

त्यानंतर मेघाचं प्रमोशन झालं. शेवटचा प्रवेश तेवढा राहिला. मी आठवण केली की ती लिहायची, "बघते गं." मग नुसतं "बघते." मग अंगठा.

*

मध्यंतरी ठरलं की एकदा सगळ्यांनी प्रत्यक्ष भेटायचंच. घाटकोपर सगळ्यांना बरं पडतं, स्टेशनजवळच्या कॅफेत, रविवारी. मी इराला घेऊन वेळेआधी पोचले. पाच खुर्च्यांचं टेबल धरलं.

गौतमीला अचानक पालकसभा लागली. नितीनच्या वडिलांना ताप आला. मेघाचा फक्त मेसेज, 'ट्राय करते.' वेटर आला. "मॅडम, लोक येतायत ना? खुर्ची नेऊ एक?" मी म्हटलं, न्या एक. थोड्या वेळाने तो दुसरी घेऊन गेला. तिसरी नेताना तर त्याने विचारलंही नाही.

नितीनचा फोन आला. "अगं, तू खरंच गेलीस?"

"ठरलं होतं ना?"

"हो, पण... फोटो तरी टाक."

मी कॉफीचा फोटो टाकला. तिघांनी लाल बदाम दिला. मेघानेसुद्धा. इरा म्हणाली, "आई, सगळे आले का?"

*

माझ्या कपाटाची मागची भिंत शेजारच्या हंसाबेनच्या देवघराला लागून आहे, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. पासष्टीच्या हंसाबेन, एकट्या राहतात. एक दिवस वाटीभर खांडवी घेऊन दारात उभ्या. नेहमीसारख्या निघाल्या नाहीत. हॉलमध्ये येऊन बसल्या, माझा हात हातात घेतला.

"बेटा, बुरा मत मानना. मैं पूजा करती हूँ तो सुनाई देता है."

वाटलं, आता आवाजाची तक्रार. आधीच मनातल्या मनात मी स्वतःला सांगत होते की बघ, घरातली धुणी पडलीत आणि तू नाटकं करतेस.

हंसाबेन म्हणाल्या, "तू कितना प्यार से पूछती है. रोती भी है. तेरी दीदी जवाब क्यों नहीं देती?"

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. नाटक, लिफ्ट, जागा सोडायची पद्धत. त्यांनी नीट ऐकून घेतलं. उठताना म्हणाल्या, "अच्छा, अच्छा. फिर भी. उसको बोल, एक बार तो बात करे."

*

इराच्या शाळेतून बोलावणं आलं. टीचर म्हणाल्या, इरा छान बोलते, पण बोलता बोलता मध्येच थांबते. मुलांना वाटतं, संपलं. ती पुन्हा सुरू करते. "घरी काही टेन्शन आहे का?"

झालं. घरी येऊन मी इंटरनेटवर शोधलं, जे कुणीही शोधू नये. समीर म्हणाला, "अगं, विचार करत असेल ती." मी म्हटलं, "चार वर्षांची मुलगी कसला विचार करणार?" दुसऱ्याच दिवशी तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं.

तिथे तपासणीसाठी एक छोटी खोली असते, आतून गादीसारखी मऊ, आवाजबंद. इतर मुलं आत जाताना रडतात म्हणे. इरा स्वतःहून आत गेली, मांडी घालून बसली आणि खूश होऊन ओरडली, "आई, यांचं कपाट केवढं मोठं आहे!"

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "घरी हिला कपाटात बसवता?"

"हिला नाही," मी म्हटलं. "मी बसते."

कान उत्तम आहेत. त्यांनी मला मात्र झोप पूर्ण होते का, वगैरे बरंच विचारलं.

*

गेल्या महिन्यात नितीनने मला एकटीला फोन केला. "हे बघ, दोनच रस्ते आहेत. मेघाच्या जागी दुसरी कोणी घे, नाहीतर दोन्ही बहिणी तूच कर. तुझा आवाज मी खाली उतरवून देतो, कळणार नाही कुणाला. नाहीतर हे कायमचं राहिलं."

मी खरंच करून पाहिलं. कपाटात बसून धाकटीचं वाक्य बोलले आणि लगेच थोरलीचं उत्तरही दिलं. ऐकलं तर काही चूक नव्हती. मी ते पुसून टाकलं.

शेवटच्या प्रवेशात फार काही नाहीच. लाइट येत नाहीत, वॉचमनचाही आवाज बंद होतो, धाकटी अंधारात विचारते, "ताई, तू आहेस ना?" आणि थोरली म्हणते, "आहे गं. जाणार कुठे?"

मी माझी बाजू रेकॉर्ड केली, मध्ये जागा सोडून, आणि नितीनला पाठवली. त्याने ऐकून विचारलं, "ही जागा अशीच ठेवू?"

"ठेव."

"किती दिवस?"

"नितीन, ठेव ना."

"बरं," तो म्हणाला. तो चांगला आहे. मेघाला मी तीच फाइल पाठवली. दोन निळ्या खुणा आल्या.

*

आता हा शेवटचा किस्सा, परवाचा.

दुपारी मी इस्त्रीचे कपडे घेऊन बेडरूममध्ये गेले. इरा कुठे दिसेना. कपाटाचं दार ओढलेलं, फटीतून तिच्या फ्रॉकचं टोक बाहेर आलेलं. आतून आवाज येत होता. माझाच आवाज, लहान करून.

"ताई, किती अंधार आहे गं."

मग शांतता.

"तुझा हात दे ना."

शांतता. पुरेशी, नीट मोजून-मापून सोडलेली. मी कपड्यांचा गठ्ठा छातीशी धरून उभी राहिले.

"ताई, तू आहेस ना?"

आत काहीच आवाज नाही. गोधडीसुद्धा हलली नाही. खाली सोसायटीत कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तीही थांबली. मला राहवलं नाही. दाराजवळ वाकून मी हळूच म्हटलं, "आहे गं. जाणार कुठे?"

दार थोडंसं उघडलं. समीरच्या शर्टांमधून इराचा चेहरा बाहेर आला, कपाळाला आठ्या.

"आई, तू नाही बोलायचं मध्ये. ती मेघामावशीची जागा आहे."

तिने फ्रॉकचं टोक आत घेतलं, दार ओढून घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.