थंडीला वाट

त्यांना सगळे किल्लेदार म्हणत आणि त्यांना ते मनापासून आवडे. किल्ला म्हणजे नासपतीच्या बागेच्या खालच्या टोकाला त्यांनी लावलेली सरूची दाट रांग. त्यांच्या तरुणपणी पलीकडच्या पडीक माळावरून वारा यायचा आणि हाताशी आलेली फळं झोडपून काढायचा. तेव्हा त्यांनी ती रोपं खांद्यावरून वाहून आणली होती. झाडं वाढली, वारा हरला आणि त्यांची छाती जी फुगली ती फुगलीच. पाहुणा आला की चहाच्या आधी ही झाडांची भिंत दाखवायची. "हात घालून बघा, आरपार जातो का!" पाहुणा बिचारा कोपरापर्यंत खरचटून घेई आणि वर कौतुकही करी.

भिंतीलगतच्या ओळी मात्र त्यांच्या बायकोच्या. एकेक कलम तिनं स्वतः बांधलेलं. आता ती नव्हती, झाडं होती, आणि गेली काही वर्षं नेमकी तीच झाडं रुसली होती. पूर्वी थंडी आपला मुक्काम पुरा करून जायची आणि मगच कळ्या उमलायच्या. हल्ली मधेच उबदार दिवस येत. झाडं फसत, भाबडेपणानं फुलून बसत, आणि विसरलेली छत्री न्यायला यावं तशी थंडी परत येई. सकाळी वरच्या ओळी ठणठणीत असत. खालच्या ओळींतली फुलं आतून काळी पडलेली असत.

किल्लेदारांचं निदान ठरलेलं होतं. भिंतीला कुठंतरी फट आहे! मग ते फटी हुडकत, नवी रोपं खुपसत, काटक्या कोंबत. भिंत जाड होत गेली आणि फुलं जास्तच काळी पडत गेली.

शेवटी सूनबाईनं विषय काढलाच. बागेचा सगळा कारभार तिच्याच अंगावर होता.

"बाबा, यंदा खालच्या ओळींना फळ धरलं नाही तर ती झाडं काढून टाकू या."

"तुझ्या सासूची झाडं आहेत ती."

"माहितेय. म्हणून तर इतकी वर्षं गप्प बसले."

ते उठले आणि फटी बुजवायला गेले.

छाटणी संपली त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी उताराच्या माथ्यावर ओल्या फांद्यांचा ढीग पेटवला. ढीग धड पेटेना, नुसता धुमसत राहिला. वारा पडलेला, आभाळ स्वच्छ. धूर वर जाईल म्हणून त्यांनी मान वर केली, तर वर काहीच नाही. धूर जमिनीलगत आडवा झाला होता आणि उतारावरून खाली निघाला होता. ओळींमधून, बुंध्यांना वळसे घालत, अगदी सावकाश. किल्लेदार भारल्यासारखे त्याच्या मागोमाग गेले.

भिंतीपाशी पोचून धूर थांबला. मागून आणखी आला, तोही थांबला. बघता बघता बायकोची झाडं कमरेपर्यंत बुडाली. ते त्या धुरात उतरले तशी पावलं गारठून गेली. हात डोक्यावर नेला तर वर चक्क ऊब. ते खाली वाकले, उभे राहिले, पुन्हा वाकले.

सूनबाई चहा घेऊन आली होती. "बाबा, उठाबशा कसल्या काढताय? शिक्षा केली का कुणी?"

"इकडं ये. हात खाली घाल. आता वर कर."

तिनं केलं. "अगं बाई!" म्हणाली आणि कप हातात तसाच राहिला.

थंडी वाहत होती. पाण्यासारखी, उतार धरून. अख्खा जन्म या उतारावर गेला, रोज संध्याकाळी पायांखालून एक नदी जात होती आणि त्यांना कधी दिसली नव्हती! किल्लेदारांच्या अंगावर काटा आला. केवढं हे, असं म्हणत ते कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. इतकं देखणं काही आपल्याच बागेत असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

मग भिंतीकडं नजर गेली आणि सगळा उलगडा झाला.

"सूनबाई, वाऱ्याला अडवता अडवता मी या थंडीला कोंडलं गं. तुझ्या सासूच्या झाडांवर."

"सगळी नका हो तोडू," ती हळूच म्हणाली. "वारा आहेच की अजून. एक दार ठेवू या."

दार ठेवायचं ते सगळ्यात सखल जागी, आणि तिथंच भिंतीतले सगळ्यात उंच, जुने सरू होते. करवतवाल्याला बोलवायला त्यांनी साफ नकार दिला. स्वतः कापले, दम लागला की बुंध्यावर हात ठेवून थांबत. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

फुलं यंदाही घाईनंच आली आणि थंडी परतली. उजाडताच दोघं खाली गेली. गवत पांढरं झालं होतं. किल्लेदार त्या नव्या वाटेत जाऊन उभे राहिले, फुलांकडं पाठ करून. बघायचा धीर नव्हता. मागं सूनबाई नखानं फूल उकलत होती.

"बाबा, हिरवं आहे आत."

ती पुढच्या झाडाकडं गेली.

"हेही हिरवं. बाबा, ऐकताय ना?"

ऐकत होते. डोळे भरले होते आणि घोट्यांपाशी काहीतरी गार, शांत, पोटऱ्यांना वळसा घालून माळाकडं चाललं होतं. आपण थंडीच्या वाटेतच उभे आहोत हे एकदम त्यांच्या ध्यानात आलं. "जा बाई, जा," असं म्हणत किल्लेदार चटकन बाजूला सरले.