किल्लीला अडकवलेला पेनड्राइव्ह

सायकलची किल्ली खुळखुळली की नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनची माझी खोली आठवते. प्रबंध द्यायची तारीख तोंडावर आली होती आणि माझा जुना लॅपटॉप चालूच होईना. वरच्या मजल्यावर राहणारी कोल्हापूरची ताई पेनड्राइव्हवर लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम भरून घेऊन आली. तो तिच्या सायकलच्या किल्लीलाच अडकवलेला होता, कडी गंजून घट्ट बसलेली. इन्स्टॉल निम्म्यावर आलं आणि तिची कामावर जायची वेळ झाली. किल्ली द्यायला मी पेनड्राइव्हकडे हात नेला तशी ती ओरडली, "काढू नको बघ, सगळं बोंबलंल! मी जाते बसनं." किल्ली लॅपटॉपला लोंबकळत राहिली. मी खिडकीतून पाहिलं, तर बसस्टॉप मागे टाकून ती वाऱ्यात वाकून चालतच निघाली होती. आता माझ्याही किल्लीला तसाच पेनड्राइव्ह असतो. कुणीतरी मागायची वाट बघत.