अराबा क्वांसा, केलची राणी

आमच्या भागात माणूस दिवसाला एकच शब्द खर्च करतो, मॉइन, म्हणजे रामराम. सकाळी मॉइन, संध्याकाळी मॉइन, लग्नात मॉइन आणि मयतीतही मॉइनच. लागोपाठ दोनदा मॉइन म्हणणारा वाचाळ ठरतो. जर्मनीच्या या उत्तर काठावर समुद्राचा वारा इतका की तोंड उघडलं तर दातांना कळ लागते, हे एक कारण असेल. दुसरं कारण मला इथे वीसेक वर्षं राहूनही सापडलेलं नाही.

अशा गावात अराबा क्वांसा आली. घानातल्या सेकोंडी बंदरात तिची आई धुरी दिलेली मासळी विकायची, आणि अराबा त्या बाजारात बोलायला शिकली. ती जिला कुजबुज म्हणते तिला आमच्याकडे भांडण म्हणतात. आधी तिने हॅम्बुर्गला मावशीकडे राहून हॉटेलच्या खोल्या आवरल्या, नवरा केला, नवरा सोडला, आणि मग बस चालवायचा परवाना काढला, कारण जर्मनीत बस चालवायला जर्मन मिळेनासे झाले होते. आमच्या डेपोत ड्यूट्या मी लावतो. तिला मी समुद्राच्या बांधाकडे जाणारी गाडी दिली. रस्ता कुरणांतून, दोन्ही बाजूंना गाई, आणि प्रवासी म्हणजे दवाखान्याला निघालेल्या म्हाताऱ्या.

पहिल्या दिवशी गाडी लावून ती थेट माझ्या खिडकीशी आली.

"इथली माणसं आजारी आहेत का रे?"

"का?"

"चढणाऱ्या प्रत्येकाला विचारलं, कसे आहात, झोप लागली का, घरचे बरे आहेत का. एक म्हातारी म्हणाली, आपली ओळख आहे का?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, आता होईल. तर ती मागच्या बाकावर जाऊन बसली."

ती म्हातारी म्हणजे थेडा ओल्टमान्स, आमच्या वर्कशॉपमधल्या आइलर्ट मेकॅनिकची आई. वय ऐंशीच्या पुढे, अंगाने खराट्याची काडी, आणि चेहरा असा की दूधसुद्धा नासायच्या आधी परवानगी मागेल. दर मंगळवारी आणि शुक्रवारी गुडघ्याच्या व्यायामाला जायच्या. पुढची सात वर्षं त्या अराबाच्या गाडीत बसल्या आणि त्या सात वर्षांत दोनच वाक्यं बोलल्या. एक मॉइन. दुसरं, "उशीर झाला तुम्हाला, क्वांसाबाई."

गावाला अराबाची आठवण व्हायची ती वर्षातून एकदा. परदेशी लोकांना गावात मिसळवून घ्यायचं एक खातं नगरपालिकेत आहे. मी त्याला मिसळ-खातं म्हणतो. त्याच्या प्रमुख उलरिका ब्रिंकमन, मनाने चांगल्या, गळ्यात कायम लाकडी मण्यांची माळ. दर शरद ऋतूत त्यांचा मेळावा असतो आणि त्यात अराबाने शेंगदाण्याचं कालवण करावं व नाचावं अशी त्यांची अपेक्षा.

"मला नाचता येत नाही," अराबा म्हणाली.

"पण तुमच्या रक्तातच असेल की ते."

"माझ्या रक्तात साखर आहे. डॉक्टरांनी सांगितलंय."

कालवण मात्र ती करून द्यायची. लोक दोन दोनदा वाढून घ्यायचे, भाषणात "आमच्या अराबा" असा उल्लेख व्हायचा, आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये पुन्हा मॉइन. ती मला म्हणायची, "माझं कालवण गावातल्या प्रत्येकाच्या पोटात जाऊन आलं, पण मी अजून एकाच्याही ओट्यापर्यंत गेले नाही."

आता केलबद्दल सांगायला हवं. केल ही कुरळ्या पानांची पालेभाजी, कडक थंडी पडली की गोड होते. आपल्याकडे हुरड्याला जातात तसे इथले लोक केल खायला जातात. आख्खा डेपो लाकडी हातगाडीत दारूच्या बाटल्या घालून, गळ्यात दोरीने इवलेसे पेले अडकवून, सुनसान रस्त्यावर लाकडी गोळा फेकत फेकत चालत निघतो. एरवी वर्षभर न बोललेली माणसं त्या दिवशी गातात. शेवटी खाणावळीत जाऊन डुकराच्या चरबीत शिजलेली केल, सॉसेज आणि बटाटे हाणायचे. सगळ्यात जास्त खाईल तो राजा. राजाच्या गळ्यात डुकराच्या जबड्याचं हाड बांधतात आणि पुढच्या वर्षीची सहल त्याने काढायची असते. आइलर्ट सलग चार वर्षं राजा होता. बायको सोडून गेल्यापासून तेवढंच एक पद त्याच्याकडे उरलं होतं.

अराबा कधी गेली नव्हती, कारण शनिवारी तिची गाडी असायची. त्या वर्षी रस्त्यावर काचेसारखा बर्फ जमला, गाडी रद्द झाली, आणि ती हातगाडीमागून चालत आली. गोळा दोनदा चरात घालवला, दोन्ही वेळा वाऱ्याला शिव्या दिल्या. खाणावळीत ताट पुढे आलं तेव्हा तिने एक घास घेतला आणि डोळे मिटले.

"काय झालं?" मी विचारलं.

"आमच्याकडे अळूसारख्या पानांचं असंच घट्ट कालवण करतात," ती म्हणाली. "फक्त हे कुणीतरी मिरचीशिवाय ठेवून विधवा केलंय."

पर्समधून तिने सुक्या कोळंबीच्या तिखट चटणीची बाटली काढली आणि कामाला लागली. तिला कसली स्पर्धा वगैरे ठाऊक नव्हती. भूक होती, समोर आईच्या हातची आठवण होती, आणि ताट रिकामं झालं की कुणीतरी भरत होतं. पलीकडे आइलर्ट घामाघूम होऊन पट्टा सैल करत होता. शेवटी त्याने काटा खाली ठेवला, आणि अराबाने मान वर करून विचारलं, "आणखी बटाटे आहेत का?"

खाणावळवाला हाइकोने ते हाड तिच्या गळ्यात बांधलं. आइलर्ट म्हणाला, "मिरची लावून खाल्लेलं धरत नाहीत."

"तू मोहरी लावून खातोस, ते धरतो ना आम्ही," हाइको म्हणाला. विषय संपला.

सोमवारी उलरिकाबाई वर्तमानपत्राचा फोटोग्राफर घेऊन डेपोत हजर. केलची राणी आफ्रिकेची, हा म्हणे सगळ्या गावाच्या मिसळण्याचा विजय. अराबाने डोक्याला रंगीत फडकं बांधून हाड हातात धरावं असं त्यांचं म्हणणं होतं.

"बाई, मी जेवले," अराबा म्हणाली. "फक्त जेवले. विजय झालाच असेल तर माझ्या पोटाचा. त्याचा फोटो हवा असेल तर डॉक्टरांकडे आहे." आणि ती गाडी घेऊन निघून गेली.

पुढच्या सहलीची तिने मनातल्या मनात तयारी केली होती. पण शरद ऋतूत हाइकोने खाणावळ बंद केली आणि मुलीकडे स्पेनला निघून गेला. चालत जाता येईल अशी दुसरी खाणावळ उरली नव्हती. चहाच्या खोलीत आइलर्ट सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पिझ्झा मागवा आता. राणीसाहेबांचं राज्य आहे."

"मी शिजवीन," अराबा म्हणाली.

"केल? तुम्ही? ती या पंचक्रोशीत फक्त माझ्या आईला जमते."

त्याला तिचं तोंड बंद करायचं होतं. तिने ते पत्ता सांगितल्यासारखं ऐकून घेतलं.

मंगळवारी थेडाबाई बसमध्ये चढल्या तेव्हा अराबाने दार लावलं, पण गाडी हलवली नाही. "ओल्टमान्सबाई, मला केल शिकवा."

"कशाला?"

"तुमचा मुलगा पिझ्झा खायचा म्हणतोय."

थेडाबाई जागेवर जाऊन बसल्या. दवाखान्यापाशी उतरताना मात्र पायरीवर थांबल्या. "शनिवारी दोन वाजता या. दोनला म्हणजे दोनला."

तिची शनिवारची गाडी मी दुसऱ्याला दिली, आणि अराबा जरा लवकरच पोचली. वाऱ्यात उभी राहिली. खिडकीच्या पडद्याआडून थेडाबाई तिच्याकडे बघत होत्या, आणि अराबा त्यांना बघताना बघत होती. आत घड्याळाने दोनचे ठोके दिले आणि दार उघडलं.

आधी चहा झाला. कपात खडीसाखरेचा खडा, वरून साय. अराबाने चमचा घातला.

"ढवळायचं नाही," थेडाबाई म्हणाल्या.

"का?"

"ढवळत नाहीत म्हणून."

मग पोतंभर केल निवडली, देठ काढले, चरबी तापवली. अराबाचे हात चालत होते आणि तोंड त्याहून जोरात. आईचं मासळीचं दुकान, मावशी, सोडलेला नवरा, सगळं निघालं. थेडाबाई ऐकत होत्या की नाही कळत नव्हतं. आणि मध्येच त्या कडाडल्या, "अगं, कांदा जाळतेस की काय. लक्ष कुठाय तुझं? सदा तोंड चालू."

अराबा थिजली. जर्मनमध्येही आपल्यासारखं तू आणि तुम्ही आहे, पण तुम्हीवरून तूवर यायचं म्हणजे इथे साखरपुड्याइतका सोहळा. वडीलधाऱ्याने विचारायचं, धाकट्याने मान डोलवायची, पेले किणकिणवायचे. भिंतीला भिंत लागून हयात काढलेले शेजारी एकमेकांना तुम्ही म्हणत स्मशानात गेलेले मी पाहिलेत. आणि इथे एका कांद्यापायी तू पदरात पडलं.

"मग तू काय केलंस?" मी नंतर विचारलं.

"दुसराही कांदा जाळला," ती म्हणाली. "मुद्दाम."

भांडं मंद आचेवर ठेवून दोघी बसल्या तेव्हा अराबाने मनातलं विचारलं. "इतकी वर्षं मी तुमच्या गावात आहे. तुमच्यातली व्हायला आणखी किती लागतील?"

थेडाबाईंनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. "तो कालवा दिसतोय? माझं माहेर त्याच्या पलीकडे. लग्न करून इथे आले त्याला साठ वर्षं झाली. नवरा इथे पुरला, दोन पोरं इथे काढली. अजून मला पलीकडची म्हणतात. तुला कसली एवढी घाई?"

अराबा हे सांगताना इतकी हसली की माझ्या खिडकीवरचा कागद उडाला.

सहल ठरल्या दिवशी निघाली. जेवण अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये, बंबांना बाहेर काढून. थेडाबाई पळी घेऊन खुर्चीत बसल्या होत्या आणि प्रत्येकाचं ताट बघून शेरा मारत होत्या. अराबाला एक घास जाईना. सकाळपासून चव बघून बघून तिचं पोट भरलं होतं. आइलर्ट मात्र वर्षभराचा सूड मनात घेऊन आला होता. पण यंदा डेपोतला एक नवा ड्रायव्हर त्याच्या बरोबरीने खात होता. दोघेही दमले, आणि आइलर्ट अराबाकडे सरकून हळूच म्हणाला, "ती बाटली आहे का? तिखटाने भूक उघडते म्हणतात."

तिने चटणी दिली. त्याने चमचाभर ओतली, लाल झाला, रडला, आणि आख्खं ताट संपवून राजा झाला.

"मिरची लावलेलं धरत नाहीत," अराबा म्हणाली. त्याला उत्तर द्यायला जीभ जागेवर नव्हती. उत्तर त्याच्या आईने दिलं. "धरा. नाहीतर हा आणखी एक ताट खाईल आणि दवाखान्यात मला बसावं लागेल."

मंगळवारी अराबा उड्या मारतच ड्यूटीवर गेली. परत आली ती चेहरा पाडून.

"म्हातारी चढली आणि म्हणते, मॉइन, क्वांसाबाई, उशीर झाला तुम्हाला. ते 'तू' परत घेतलं तिने."

"स्वयंपाकघरातलं तू बसमध्ये चालत नसेल," मी म्हणालो.

"म्हणजे मी काय कढई आहे?"

दोन दिवस ती धुमसत होती. शुक्रवारी थेडाबाई थांब्यावर आल्या तेव्हा तिने दार उघडलं आणि सेकोंडीच्या आवाजात म्हणाली, "मॉइन, थेडा. मी वेळेवर आहे. तूच हळू चालतेस."

आख्खी बस खिडकीबाहेरच्या गाई मोजू लागली. वडील माणसाला धाकट्याने आपण होऊन तू म्हणायचं, हे इथे मुस्काटात मारण्याच्या थोडंसंच अलीकडे येतं. थेडाबाई काठी टेकत चढल्या. मागच्या बाकाकडे न जाता ड्रायव्हरच्या मागच्या जागेवर बसल्या. मग म्हणाल्या, "आवाज कमी कर. सगळ्यांना ऐकू जातंय."

आता महिन्यातून एखाद्या सुटीच्या शनिवारी ती त्यांच्याकडे चहाला जाते. ढवळत नाही, पण ढवळावंसं वाटतं असं दर वेळी बोलून दाखवते. रविवार अजून तिला खायला उठतो, सणाला सेकोंडीला फोन लावून ती अजून रडते, आणि आमचे लोक थंड आहेत हे ती त्यांच्या तोंडावर सांगते. ते मॉइन म्हणतात.

गेल्या उन्हाळ्यात थेडाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. जरा चालू लागल्या तशा म्हणाल्या, "मला एकदा कालव्यापलीकडे ने." अराबाने आपल्या छोट्या गाडीतून नेलं. गाव तेवढंच, पण घरांत नवी माणसं. चर्चसमोर एक म्हातारा भेटला. त्याने थेडाबाईंकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही पलीकडच्या ना?"

थेडाबाई गाडीत येऊन बसल्या. पट्टा लावला आणि म्हणाल्या, "भूक लागली."

बांधाजवळच्या टपरीवर अराबाने दोन पावांत मासा घेतला. थेडाबाईंनी एक घास खाऊन मासा खारट असल्याचं जाहीर केलं. मासळीवालीची पोर, तिला हे सहन होईना. मासा खारवतात कसा हे त्या टपरीवाल्याला शिकवायला ती उतरली. तो म्हणाला, आमच्याकडे असाच खारवतात. ती म्हणाली, म्हणूनच तुमचे चेहरे असे आहेत. वाद रंगला. थेडाबाईंनी गाडीतून आधी एकदा हॉर्न वाजवला, मग दोनदा, आणि मग हॉर्नवरचा हात काढायचंच सोडून दिलं.