भटक्याला वाघोलीत बसवायला निघालेली पिकअप

पुण्याला राहायला जायचा निर्णय माझा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला शहाणा समजणार नाही. वर्षभर मी पाठीवर एक सॅक टाकून हिंडत होतो. अशा वेळी लडाख ते कन्याकुमारी म्हणायची पद्धत आहे; खरं तर त्यातले बरेच महिने मी मित्रांच्या मित्रांच्या घरी गादी मागून काढले. याच ब्लॉगवर मी "घर ही फक्त एक सवय आहे" असं वाक्य लिहिलं होतं. माझी धाकटी बहीण अर्चना हिने ते आईला मोठ्याने वाचून दाखवलं. आईने एवढंच विचारलं, "याला जेवायला कोण घालून राह्यलंय?"

मग अर्चनाला पुण्यात नर्सची नोकरी लागली. दवाखाना मोठा, सहा महिने काम बघणार, पटलं तर कायम करणार. आईने अट घातली की भाऊ सोबत राहणार असेल तरच जायचं. नाहीतर परतूरचं स्थळ आलेलं होतंच, आणि त्या लोकांना घाईही नव्हती. घरात भाऊ म्हणावा असा मी एकटाच.

अर्चनाचा फोन आला तेव्हा मी वाशिमच्या स्टँडवर होतो. विनवणी करणं तिच्या स्वभावात नाही. "दादा, तू एका जागी राहू शकतो का? खरं सांग. न्हाई तर मी दवाखान्याला आत्ताच कळवून टाकते." मी म्हणालो, "बघू." वर्षभर हेच माझं सगळ्या प्रश्नांवरचं उत्तर होतं. तिने विचारलं, बघू म्हणजे हो का नाही. बस सुटत होती म्हणून मी हो म्हणालो. एवढ्या विचारपूर्वक मी आयुष्य बदललं.

वाशिमकडून येताना वाटेत मंठा लागतं. तिथे मावशी राहते आणि तिने आमच्या संसारासाठी "थोडंसं" काढून ठेवलं होतं. थोडंसं म्हणजे दोन बर्नरची गॅसची शेगडी, सहा पातेली, एक परात, लोणच्याची बरणी आणि जुन्या साड्यांची शिवलेली गोधडी. कमी सामानात वर्ष कसं काढावं यावर माझा लेख आहे, तो सगळ्यात जास्त वाचला गेलाय, हे मी मावशीला सांगून पाहिलं. ती म्हणाली, मग लेखातच वरण शिजव. मंठ्याहून जालन्याला एसटी भरपूर आहेत, पण बाजाराच्या दिवशी निघू नका. मी नेमका त्याच दिवशी निघालो. कंडक्टरने परातीकडे पाहून सामानाचं वेगळं तिकीट फाडलं आणि लग्न कुणाचं आहे अशी चौकशी केली. शेगडी मांडीवर घेऊन मी दोन तास बसलो, समोरच्या बाईने भुईमुगाच्या शेंगा दिल्या त्या खाल्ल्या. खिडकीबाहेर कापसाची वेचणी चालली होती. एरवी मी अशा दृश्यावर दोन परिच्छेद लिहिले असते, पण पातेल्यांच्या आवाजात काही सुचेना.

जालन्याच्या स्टँडबाहेर भजी आणि चहा घेतला तर साधारण चाळीस-पन्नास रुपयांत काम होतं. तिथून अंबडला तासाभरात पोचलो.

अंबडला आमचं घर गावाबाहेर, शेतात आहे. आमचे आजोबा मेंढरं घेऊन हिंडायचे. दिवाळी झाली की तळ हलायचा, घोड्यावर बिऱ्हाड, आणि पाऊस येईपर्यंत घराचं तोंड बघायचं नाही. आबा, म्हणजे माझे वडील, तसेच वाढले. पुढे मेंढरं गेली, थोडी जमीन झाली, तिच्यात मोसंबी लावली. मी ज्याला जीवनशैली म्हणून ब्लॉगवर विकत होतो ते आबांनी लहानपणी अनवाणी केलं होतं, आणि त्याचा एकही फोटो नाही. त्या संध्याकाळी ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी खाता खाता मी हेच जरा कौतुकाने बोलून दाखवलं की आबा, भटकणं आपल्या रक्तातच आहे. आबांनी भाकरी मोडली. "आम्ही मेंढरांसाठी फिरत होतो. चारा संपला की उठायचो. तुझा कोणता चारा संपत होता?" अर्चना आमटीत बघून हसली. मी ठेचा मागितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याचा मुलगा गणेश याची पिकअप घ्यायला आम्ही अंकुशनगरला गेलो. तो साखर कारखान्याच्या भागात राहतो आणि हंगामात उसाच्या मागे असतो, पण दोन दिवस सवड काढतो म्हणाला. कुणी या बाजूला गाडी घेऊन येणार असेल तर हंगामात वेळ हाताशी ठेवा. उसाचे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर पुढे असले की ओव्हरटेक करता येत नाही, आणि मळीच्या वासाची सवय व्हायला वेळ लागतो. गणेशने डिझेल आणि जेवण एवढ्यावर यायचं कबूल केलं. घरी परतून सामान चढवलं तेव्हा आबांनी बागेतल्या शेवटच्या मोसंब्यांची गोणी मागे टाकली. एवढी कशाला, मी विचारलं. लागतील, म्हणाले.

पाचोड, पैठण, शेवगाव, नगर असा रस्ता. शेवगावपर्यंत काही ठिकाणी खड्डे, नगरच्या पुढे रस्ता चांगला आणि गर्दी वाईट. पुढे गणेश, आबा आणि अर्चना. मी मागे, गादी, कपाट आणि गोणी यांच्यामध्ये. वर्षभर उघड्या ट्रकमधून प्रवास करायची माझी फार हौस होती, ती पैठणपर्यंत पुरली. नगरजवळ एका धाब्यावर शेवभाजी खाल्ली. तिथे आबा हात धुवायला गेले तेव्हा अर्चनाने मला हळूच सांगितलं की ती घरी काही पुस्तकं आणि हिवाळ्याचे कपडे ठेवून आली आहे. लवकर परत यावं लागलं तर ओझं नको म्हणून. मला राग आला. कुणाचा, हे सांगायला नको.

वाघोलीत दुपारी पोचलो. तिसरा मजला, लिफ्ट बंद. मी आणि गणेश कपाट चढवत असताना आबा दिसेनात. त्यांनी नळावर हातपाय धुतले होते, डोक्यावर टोपी नीट केली होती, आणि पिशवीत मोसंबी भरून तळमजल्यापासून एकेक दार वाजवत सुटले होते.

यामागे आमच्याकडची रीत आहे. कुठल्याही गावाच्या शिवारात तळ टाकायचा तर आधी गावातल्या मोठ्या माणसाला विचारायचं, आम्ही इथं राह्यलो तर चालेल का. आणि किती दिवस राहणार तेही तिथेच सांगायचं. न विचारता उतरणाऱ्या माणसाला आमच्यात कुणी चांगलं म्हणत नाही. इमारतीत मोठा माणूस कोण ते आबांना कळेना, म्हणून ते सगळ्यांनाच विचारत होते.

पहिल्या दाराने मोसंबी कशी किलो ते विचारलं. दुसऱ्याने आम्हाला नको म्हणून दार लावलं. तिसऱ्या दारापर्यंत वॉचमन आला आणि विकणाऱ्यांना वर सोडत नाहीत असं म्हणाला. आबा शांतपणे सांगत होते की मी विकायला न्हाई, विचारायला आलोय. मी गादी डोक्यावर घेऊन जिन्यात उभा होतो. अनोळखी माणसांशी मोकळं कसं बोलावं यावर वर्षभर लोकांना शिकवत होतो, आणि आता वॉचमनला "हे माझे वडील आहेत" एवढं वाक्य सांगायला मला चांगलाच वेळ लागला.

दुसऱ्या मजल्यावर एका बाईंनी दार पूर्ण उघडलं. शाळेत शिकवतात, मूळच्या लातूरच्या, हे नंतर कळलं. आबा म्हणाले, "आमची दोन लेकरं वर राहायला आली. तुमची काही हरकत न्हाई ना?"

त्या गोंधळल्या. घर भाड्याने घेतलंय ना रीतसर, मग मला कशाला विचारताय, असं म्हणाल्या.

"घर मालकाचं हाय," आबा म्हणाले, "शेजार तुमचा."

बाईंनी पिशवीतल्या दोन मोसंब्या घेतल्या. मग काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "किती दिवस आहेत?"

जो राहणार त्यानेच मुदत सांगायची, ही आमची रीत. आबा बाजूला सरकले आणि माझ्याकडे बघू लागले. माझ्या मागे दोन पायऱ्या खाली अर्चना परात घेऊन उभी होती. माझ्या जिभेवर "बघू" आलं होतं. ते मी कसं गिळलं ते मला ठाऊक. "दोन दिवाळ्या," मी म्हणालो.

"बाई, ऐकलं ना तुम्ही," आबा म्हणाले. "मंग झालं." उरलेली दारं त्यांनी वाजवली नाहीत. संध्याकाळी ते आणि गणेश परत निघाले.

आता तुम्हाला वाटेल, त्या क्षणी माझ्यात बदल झाला. काही झाला नाही. पहिल्या महिन्यात मी स्वयंपाकघरातही सॅक पाठीला लावल्यासारखा उभा राहायचो. एका मित्राने स्पितीला बोलावलं तेव्हा मी दोन दिवस तिकिटं बघत बसलो आणि अर्चनावर उगाच चिडलो. तिने शांतपणे सांगितलं, तू जाऊन ये, मी आईला कळू देणार नाही. त्यामुळे तर जाताच येईना. जिन्यात दुसऱ्या मजल्याच्या बाई भेटायच्या, हसून "आहात ना?" विचारायच्या. शहरात कुणी कुणाला ओळखत नाही म्हणतात. मला मात्र एक बाई ओळखत होती आणि तिला तारीख माहीत होती.

मी घरूनच लिहायचं काम धरलं. भाकरी शिकलो, म्हणजे अर्चना तिला भाकरी म्हणते. ती ड्यूटीवरून निघाली की निरोप पाठवते, आणि मी तवा ठेवतो. वर्षभर मीच कुठेतरी पोचत होतो आणि पोचल्याचे फोटो टाकत होतो. कुणी पोचायची वाट बघणं मला माहीतच नव्हतं. ते फार अवघड आहे. वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये तर जीव जातो. पण ते मला आवडायला लागलं, हे कबूल करायला मला लाज वाटते, म्हणून एकदाच लिहितो.

सहा महिने झाले आणि अर्चनाला कायम केलं. ती घरी आली, चप्पलसुद्धा न काढता अंबडला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तिने बातमी सांगितली. आबांनी नोकरीचं काही विचारलं नाही.

"दादा हाय का तिथं?"

"हाय," अर्चना म्हणाली. "भाकरी करून राह्यलाय."

पलीकडे आबा आईला सांगताना ऐकू आले, "आता परतूरवाल्यांना न्हाई म्हणून कळवून टाक."

म्हणजे परतूरला द्यायचा नकार त्यांनी सहा महिने अडकवून ठेवला होता. अर्चनाने माझ्याकडे बघितलं, मी तव्याकडे. भाकरी एका बाजूने काळी झाली होती. तिने ती ताटात घेतली आणि पूर्ण खाल्ली.