मंगळीचा जप्त कोयता

मंगळे, गोड लिहिणं मला जमत नाही, तेव्हा मुद्द्यावर येते. तुझ्या जमिनीचा कागद पंधरा वर्षं अडला, त्यात निम्मा दोष माझा.

एकोणऐंशी साली मी कोंडाण्याच्या लेण्यांच्या वरच्या अंगाला, तुमच्या वाडीच्या शाळेवर रुजू झाले. बी. ए.ची पदवी ताजी, डोकं गरम. मंगळवारी जन्मली ती मंगळी, बुधवारी जन्मला तो बुधाजी, ही तुमची रीत मला अडाणी वाटली. पटावर मी तुझं नाव ‘ललिता’ लिहिलं. तुझ्या आईला विचारलंसुद्धा नाही.

तिसरीत तू शाळा सोडलीस. तिशी गाठायच्या आत नवरा गेला. माथेरानच्या हॉटेलांत चादरी धुतल्यास आणि पावसाळ्यात डोंगरउतारावर नाचणी लावलीस. सरकारच्या लेखी ते जंगल. दोन हजार तीन साली वनरक्षकाने तुझा कोयता जप्त केला आणि हातात कागद दिला. तो तू कणगीत जपून ठेवलास.

पुढे वनहक्क कायदा आला. जमीन आधीपासून कसत होतात याचा पुरावा द्या, म्हणाले. तुझ्या गुन्ह्याचा कागदच तुझा पुरावा झाला! पण त्यावर नाव मंगळी, आणि शाळेच्या दाखल्यावरून काढलेल्या आधार कार्डावर ललिता. दावा दोनदा परत आला.

मग तू भिसेगावात माझ्या दारात उभी.

“बाई, मी दोन बायका झाले. येकीची जमीन हाय, दुसरीचं आधार.”

“आत तर ये.”

“आत येऊन काय करू? ग्रामसभेत चला. नाव तुमी दिलं, तुमीच सांगा.”

टेंपोत बसून आले. वनहक्क समितीचा म्हातारा हिरू म्हणाला, “आमी समदे वळखतो हिला. पन सायबाला आमचं तोंड पुरत नाय.”

मी उभी राहिले. “हिचं नाव मी बदललं. चूक माझी. जबानी लिहून घ्या, सही करते.”

“चाळीस वर्सांनी कळलं व्हय, बाई?” हिरूने लिहिता लिहिता विचारलं.

“कळलं रं. तू लिही पुढे.”

सगळे हसले. तू नाही हसलीस. सही होईपर्यंत कागदावरून नजर हलवली नाहीस.

गेल्या वर्षी अधिकारपत्र आलं. ललिता ऊर्फ मंगळी. आभारप्रदर्शन सुरू झालं की मी उठून जाणारी बाई, पण या कायद्यासाठी उन्हातान्हात मोर्चे काढणाऱ्या अनोळखी माणसांचे त्या दिवशी मनोमन आभार मानले. आणि तुझेही. मला माफ करत बसण्यापेक्षा तू कामाला लावलंस. वाडीतले आणखी सहा दावे अडलेत. त्यातली चार नावं माझ्याच हातची. चारही जबान्या मी देणार, गुडघे काय म्हणायचं ते म्हणोत.

अधिकारपत्र हातात पडल्यावर तू पहिलं काय बोललीस, आठवतं? “आता माजा कोयता परत मागायचा. खैराची मूठ हाय, नवऱ्यानं बसवलेली.”

अर्ज मी तिथल्या तिथे लिहिला. सोमवारी दोघींनी वनखात्याच्या कचेरीत जायचं ठरलं. सोमवारी तुझी लावणी निघाली, पुढच्या सोमवारी माझा गुडघा सुजला, मग तुझी कापणी. अर्ज पिशवीत घडीवर फाटायला आलाय. कोयता अजून त्यांच्याकडेच आहे.