सगळ्यांसमक्ष वाचलेलं बक्षीसपत्र

हृदयाच्या ऑपरेशननंतर माझ्या थोरल्या भावाला वाटण्यांची घाई झाली. शेत मुलाला आणि वर्षानुवर्षं थोडं थोडं जमवलेलं बिटकॉइन मुलीला, असं त्यानं ठरवलं. मुलीनं शेतावरचा हक्क सोडायचा, त्याबदल्यात हे कागदोपत्री तिच्या नावावर. मीसुद्धा लग्नानंतर अशीच हक्कसोड दिली होती, एका साडीवर. त्यामुळे भाचीला काहीतरी मिळतंय याचा मला मनापासून आनंद होता.

तरी अकोल्याहून माहेरी अंजनगावला जाताना जीव थाऱ्यावर नव्हता.

बैठकीत भाऊबंद जमले. आमच्याकडे घरातला कागद सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचतात, उद्या कुणी 'मी ऐकलंच नाही' म्हणू नये म्हणून. बक्षीसपत्र वाचता वाचता वकील अडखळले. बिटकॉइनला ना गट नंबर, ना चतुःसीमा. म्हणून ओळख पटायला भावानं तिथे बारा इंग्रजी शब्द लिहून घेतले होते. ते शब्द म्हणजेच तिजोरीची किल्ली, ज्याच्याकडे शब्द त्याचा माल, हे त्यानंच मला एकदा समजावलं होतं.

"दादा, ते काहून वाचाले लावता?" मी मध्येच म्हटलं.

"मंग काय लपवू? इथं कोन परकं हाये? अर्धा कागद वाचला त उद्या म्हनतीन, पोरीले गुपचूप काईतरी देल्लं."

वकिलांनी हजेरी घ्यावी तसे ते शब्द एकेक करून वाचले. एरवी कागद वाचताना पेंगणारी माझी माणसं त्या दिवशी कान टवकारून बसली होती. कुणी खोकलंसुद्धा नाही. भाच्यानं सगळं मोबाइलवर टिपलं आणि पुरावा राहावा म्हणून तिथल्या तिथे घरच्या ग्रुपवर टाकलं. मग भाचीनं हक्कसोडीवर सही केली.

जेवणं झाल्यावर मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. "आजच्या आज दुसऱ्या खात्यात हलव," म्हटलं.

"आत्या, बाबानं साऱ्याईवर विश्वास ठेवला. आजच हलवलं त सगळ्यांले चोर म्हटल्यासारखं होईन."

मला तिचा भयंकर राग आला. इतकं चांगलं असू नये माणसानं.

नंतर रोज कुणी ना कुणी त्या व्हिडिओखाली जोडलेले हात टाकायचं. एका सकाळी भावानं फोन उघडून पाहिलं तर खातं रिकामं. माल कुठल्या खात्यात गेला ते त्यात दिसतं, नुसती लांबलचक अक्षरं आणि आकडे. ते खातं कुणाचं, ते दिसत नाही.

भाऊबंद पुन्हा त्याच बैठकीत जमले. दस्त पक्का आहे, मालक पोरगीच, आम्ही साक्षीला केव्हाही येऊ, असं प्रत्येकानं सांगितलं. भाच्यानं सगळ्यांना चहा दिला.

भाची सासरी अमरावतीला निघाली होती. "मी येतो तुह्यासंगं, सायबर पोलिसात तक्रार देऊ. ते काढतीन नाव," मी म्हटलं.

तिनं बॅगेची चेन ओढली. "अन् नाव घरातलंच निघालं त, आत्या? मंग मी माहेरी कोनाकडे येऊ?"

बाहेर तिला स्टँडवर सोडायला तिचा भाऊ गाडी काढून उभा होता, उशीर होतोय म्हणून हॉर्न वाजवत.