देवाची वाट, सोसायटीतून

पुणे स्टेशनहून वाघोलीची बस धरली. तासाभराने उतरलो तरी शहर काही संपले नव्हते. विलासराव माझे कचेरीतले जुने सोबती. त्यांनी वाडीच्या यात्रेला बोलावले होते. पूर्वी एकदा आलो, तेव्हा शेवटचे दोन मैल ज्वारीतून चालत गेलो होतो. या खेपेला रिक्षा केली. वाडीचे नाव सांगितले, तर रिक्षावाला म्हणाला, "काका, सोसायटी सांगा."

सोसायटी मला ठाऊक नव्हती. फोन, दोन चुकीची वळणे आणि एका स्विमिंग पूलचे दर्शन, एवढ्यावर पोचलो. उंच इमारतींच्या मधोमध पन्नासेक घरांची पांढरी (गावठाण) उरली आहे. शेते गेली, आणि वाडी आता महापालिकेत आहे. विलासरावांच्या पत्नी कुसुमताई तिथल्या शेवटच्या सरपंच. त्यांनी आधी बाजरीची भाकरी आणि झणझणीत रस्सा वाढला. माझ्या डोळ्यांतले पाणी पाहून त्यांनी शांतपणे ताकाचा तांब्या पुढे सरकवला.

दुपारी भैरोबाची पालखी निघाली. देऊळ टेकडीवर आणि टेकडीची वाट सोसायटीच्या आवारातून. फाटकावर नवा रखवालदार होता. तो नम्रपणे म्हणाला की, कोणत्या फ्लॅटमध्ये जायचे ते कळल्याशिवाय आत सोडता येणार नाही. दरवर्षी सोडतात, असे सगळे एकदम सांगू लागले. पोरांचा आवाज चढला, ढोल थांबले. एकाने फाटकाला हातही घातला.

कुसुमताईंनी त्याला मागे घेतले. "भांडून आत गेलो, तर पुढच्या साली भिंतच बांधतील," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, तुमचं अक्षर चांगलं हाय. अर्ज लिहा."

चाळीस वर्षे कारकुनी केली, पण देवाच्या वतीने अर्ज पहिल्यांदाच लिहिला. रखवालदाराने स्वतःची खुर्ची दिली. पालखी खांद्यावर तशीच उभी. सोसायटीच्या सेक्रेटरीबाई खाली आल्या. तरुण, नागपूरच्या. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि विचारले, ही वाट किती जुनी?

"तुमची इमारत व्हायच्या आधीची," कुसुमताई म्हणाल्या. "तिला परवानगी मीच दिली. वाट सोडू, असं बिल्डर तोंडी म्हणाला होता."

सेक्रेटरीबाईंनी माझ्याकडून पेन मागून घेतले. मग त्यांनी अर्जावर 'दरवर्षी' असा शब्द घालून सही केली आणि चपला काढून पालखीबरोबर चालू लागल्या. गॅलऱ्यांतून लोक डोकावले. कुणीतरी वरून फुले टाकली. बरीचशी पार्किंगमधल्या गाड्यांवर पडली.

संध्याकाळी कुसुमताई बसथांब्यापर्यंत आल्या. परवानगी दिल्याचा पस्तावा होतो का, असे मी विचारले. "न्हाई. नळ आला, बस आली, नातीला कॉलेज जवळ झालं," त्या म्हणाल्या. "वाट तेवढी लिहून घ्यायची राहिली होती. लई सलत होतं ते."

परतीच्या बसमध्ये विचार करत होतो. नकाशातून गाव पुसायला एक कागद पुरतो. माणसे मात्र वर्षातून एकदा ढोल घेऊन येतात आणि आपली वाट मागतात. घरी आल्यावर पत्नीने विचारले, "अहो, कसं होतं गाव?"

"आहे," मी म्हणालो.